लोटनचं चालणं

चोपडा तालुका, गावाहून
१२ नोव्हेंबर २०२४

अक्का,

दिवाळीला तू आली नाहीस, म्हणून ही बातमी कागदावर लिहावी लागते आहे. मला शुगर निघाली. जळगावच्या ज्या डॉक्टरीणबाई मला डोक्याच्या गोळ्या देतात, त्यांनीच रक्त तपासायला लावलं. मी तांब्यावर तांब्या पाणी पितो हे दिपमालाने त्यांना सांगितलं होतं. मला वाटलं होतं, ऊन बाधलं. निघालं भलतंच.

आता घरातली गंमत ऐक. नवलने गुळाची ढेप कपाटात घालून कुलूप लावलंय. घड पिकायला लागला की तो उचलून पार मागच्या खोलीत नेतात. आपल्या घरात, अक्का, जिथं केळी गुरंसुद्धा खातात! काल मी ओसरीवर नुसता उभा होतो, तर नात ओरडली, "मम्मी, नाना केळीकडे बघी ऱ्हायनात!" लगेच सगळे धावून आले. इतकी वर्षं मी वेडा, म्हणून माझ्यावर नजर असायची. आता चोरही झालो.

नवलवर राग नाही. दादा गेल्यावर पुतण्याने काकाला असं कोण सांभाळतं? आणि दिपमाला सून असून माझं आजारपण काढते. पण जेवताना चार माणसं आपल्या ताटाकडे बघायला लागली की घास उतरत नाही.

आई फार आठवते. आखाजीच्या सणाला ती पुरणपोळी हातांवर फिरवत फिरवत केवढी मोठी करायची, आणि उपड्या खापरावर टाकताना तिचा चेहरा लाल व्हायचा. पहिली पोळी माझी. तू रुसायचीस. आता ती पोळी मला या जन्मात नाही, असं नवल म्हणतो.

तो म्हणतो, अक्काला फोन करा. त्याला किती वेळा सांगू, फोनमधला आवाज आणि माझ्या कानातले आवाज एकमेकांत मिसळतात, मग कोण काय बोललं ते कळत नाही. तुझं अक्षर मात्र तुझंच असतं. आणि तुलाही हल्ली फोनवर ऐकू येत नाही. म्हणजे आपलं दोघांचं जमलं.

लोटन


धुळे
२५ नोव्हेंबर २०२४

चि. लोटन,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. नवलला मी वेगळं खरमरीत पत्र टाकलंय. कुलपाने शुगर उतरत असती तर दवाखान्यांत डॉक्टरांऐवजी लोहार बसले असते.

पण तुलाही चार शब्द सुनावते. मास्तरीण आहे मी, निवृत्त झाले म्हणून काय झालं? तुला आठवतं, गावात शाळा चौथीपर्यंतच होती. तू पाचवीत आलास तेव्हा मी दहावीला. आपण दोघं चोपड्याला चालत जायचो. मी दप्तर सांभाळत मागे, आणि तू कापसाच्या वावरातून आडवा घुसून पुढच्या वळणावर उभा. आई म्हणायची, "हळू चाल रे, तुना पायले भिंगरी शे का?" थंडीत बोरं खिशात भरून आणायचास आणि वर्गात माझ्या मैत्रिणींना वाटायचास. त्या अजून विचारतात, झुंबर, तुझा तो बोरंवाला भाऊ कसा आहे?

अमळनेरच्या कॉलेजातून दादाने तुला परत आणलं त्या वर्षापासून तू चालायचंच सोडलंस. आजारपणात बसलास तो बसलासच. आम्हीही तुला बसवूनच ठेवलं. कुठे जाईल, काय करेल, ही भीती. आता डॉक्टर चाल म्हणतात ना? मग चाल. पाटाच्या कडेने जा, बांधावरून जा. आणि काय काय दिसलं ते मला लिही. मी इथे देवपूरमध्ये चौथ्या मजल्यावर बसलेली असते. तेवढंच माझंही फिरणं होईल.

झुंबरअक्का


गावाहून
८ जानेवारी २०२५

अक्का,

तू सांगितलंस म्हणून चालायला लागलो. पहिल्या दिवशी मारुतीच्या पारापर्यंत गेलो आणि बसलो. लोकांना वाटतं, लोटन आळशी. आळस नाही, अक्का. रात्रीची गोळी सकाळी पायात येऊन बसते. ओल्या मातीतून पाय उपसावा तसा एकेक पाय उपसावा लागतो. हे मी कोणाला सांगत नाही. सांगितलं तर म्हणतील, निमित्त काढतो.

पण आता पाटापर्यंत जातो. हरभरा घाट्यांवर आलाय. झुलाल आबांच्या वावरात नवी केळी लावली आहे, ठिबकची नळी टाकलेली. ते मला बघून म्हणाले, "लोटन भाऊ, आज कथा निंघनात?" मी म्हटलं, शाळेत. ते हसले, मीही हसलो. माणसांबरोबर असं हसून फार वर्षं झाली होती.

चहात साखर नाही. पहिले दिवस काढा प्यायल्यासारखं वाटलं. दिपमाला माझ्यासाठी वेगळं शिजवते, बिनतेलाचं, बिनचवीचं. समोर सगळे शेवभाजी खातात आणि मी दोडका. वास नाकात जातोच ना गं.

कौतिक रोज पारावर भेटतो. तो म्हणतो, "भाऊ, ती डोकानी गोयीच खराब शे. तीच बंद कर, बठ्ठं बरं व्हई जाई." डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या की या गोळीने भूक वाढते, वजन वाढतं, शुगरही वाढू शकते. म्हणजे कौतिक अगदीच खोटं बोलत नाही. विचार करतोय.

लोटन


धुळे
१९ जानेवारी २०२५

चि. लोटन,

शाबास! शाळेत निघालो म्हणालास, हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आबांनाही माझा नमस्कार सांग. दोडका खा मुकाट्याने, त्यात लसूण-मिरचीचा ठेचा घालायला दिपमालाला सांग. कौतिकसारखी माणसं पारावर बसून गावभर औषध वाटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

पुढच्या पत्रात नदीचं लिही. तापीला गेलास का? मला तिचा वाळवंटाचा काठ डोळ्यांपुढे येतो. आपण कलिंगडाच्या वाड्यांत जायचो, तुला पोहायला दादाने शिकवलं. मला कुणी शिकवलं नाही, मी कपडे राखत बसायची.

झुंबरअक्का


गावाहून
२३ फेब्रुवारी २०२५

अक्का अक्का,

नदीला गेलो! रोज जातो. पाय आता पिसासारखे झालेत, माती सुटली, पहाटेच उठून निघतो, झोप लागतच नाही आणि लागायची गरजही नाही. इतकी वर्षं झोपलोच होतो की! वजन उतरतंय, विजार दोरीने बांधतो.

बठ्ठं आठवतंय, अक्का. तुझा निळा परकर आणि त्याला लागलेला केळीचा चीक, तो शेवटपर्यंत गेला नाही. काकूच्या हातची कळण्याची भाकरी, हिरव्या वांग्याचं भरीत, वावरात काड्या पेटवून भाजलेलं, त्याला तो धुराचा वास. आखाजीच्या झोक्यावर तू उभी राहून इतका उंच झोका घ्यायचीस की निंबाची पानं तोंडात यायची. गुरं घरी येताना त्यांच्या घुंगरांचा वेगवेगळा आवाज, ढवळ्याचा वेगळा, चांद्याचा वेगळा. मी डोळे मिटून ओळखायचो. आजही ओळखतो. काल संध्याकाळी ओळखला.

दादा म्हणाला, असाच चालत राहा लोटन, पलीकडच्या काठापर्यंत चल, तिथं सगळे बसलेत. वाळू पायाला कशी लागते ते तू विसरली असशील. चपला मी काढून टाकल्या. नदीत चपला घालून कोण जातं?

लिहायला कागद पुरत नाही.

लोटन लोटन


धुळे
४ मार्च २०२५

चि. लोटन,

तुझं पत्र घेऊन मी गॅलरीत बसले आणि संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. निळा परकर! अरे, मी स्वतः विसरले होते. शेजारच्या पुनमला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, मावशी, तुमच्या भावाने लेखक व्हायला हवं होतं. मी म्हटलं, व्हायचाच होता.

दादाचं वाक्य वाचून त्याचा आवाज कानात आला. पोहायला शिकवताना तो असंच म्हणायचा ना तुला, पलीकडच्या काठापर्यंत चल म्हणून? तूच आठवण ठेवावीस.

कॉलेजला जाण्याआधीचा माझा लोटन मला परत मिळाला, असं वाटतंय. असाच लिहीत राहा.

झुंबरअक्का


गावाहून
२७ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्का आत्याबाईंना दिपमालाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला धड ऐकू आलं नाही आणि मलाही रडू आवरलं नाही. तुम्ही म्हणालात सगळं लिहून पाठव, म्हणून लिहिते.

नाना जानेवारीच्या शेवटापासून गोळी घेत नव्हते. मी रोज हातावर ठेवायची, ते तोंडात टाकायचे, आणि मी वळले की काढून खिशात ठेवायचे, सकाळी पाटाच्या पाण्यात सोडायचे. आम्हाला काहीच कळलं नाही, कारण ते खूश होते. चालत होते, बोलत होते. ह्यांनी तर दोनदा पेढे आणायची गोष्ट काढली, शुगरच्या घरात! मग त्यांचं घरी येणंच कमी झालं. ताटावर बसले तर भाकरीचा तुकडा उचलून म्हणायचे, हे दादाचं आहे, दादासाठी ठेव.

बारा तारखेला ते सकाळी गेले आणि दुपारपर्यंत आलेच नाहीत. ह्यांनी आणि झुलाल आबांनी मोटरसायकलवर शोधलं. नदीच्या वाळूत, भर उन्हात, अनवाणी चालत होते. पलीकडे कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते. "दादा, थांब ना रे, ई ऱ्हायनू ना," असं. पायांना फोड येऊन फुटलेले, वाळू आत भरलेली, आणि त्यांना काही जाणवतच नव्हतं. शुगरने पायाची जाणीव कमी होते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

जळगावला नेलं. उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या तेव्हा हे रागाने म्हणाले, "मॅडम, एक सांगा. मी शुगर सांभाळू की डोकं?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन आजार आहेत, नवलभाऊ, पण माणूस एकच आहे. गोळीने वजन वाढतं हे त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांनी मला सांगितलं असतं तर मी गोळी बदलली असती. पण तुमच्या घरात त्यांना काही सांगायची सोय आहे का?"

 

नाना अजून फारसं बोलत नाहीत. तुमचं पत्र उशाशी आहे, उघडलेलं नाही. तुम्ही याल का?

तुमची,
दिपमाला


धुळे
१४ एप्रिल २०२५

चि. लोटन,

जळगावहून परत आले त्याला आठवडा झाला. तू तिथे माझा हात धरून बसलास पण बोलला नाहीस, म्हणून हे लिहिते. माझं मार्चचं पत्र तू उघडलं नसशील तर उघडू नकोस. फाडून टाक.

तुझं ते नदीचं पत्र मी पाच वेळा वाचलं. त्यातली आपली आई वाचली, आपले बैल वाचले, माझा परकर वाचला. त्यात तू कसा आहेस, ते एकदाही वाचलं नाही. दादा जाऊन बारा वर्षं झाली आणि तू त्याचं आजचं बोलणं लिहितोस, हे मास्तरणीच्या नजरेतून सुटलं. मला जुना लोटन हवा होता ना.

आता मला जुना नको. आहेस तो चालेल. कमी लिही, वाईट अक्षरात लिही, पण पायात माती बसली असेल तर तेच लिही. आणि डॉक्टरीणबाईंनाही तेच सांग.

अक्का


गावाहून
१० मे २०२५

अक्का,

हे पत्र तीन दिवस लिहितोय. हात जड आहे. जुनी गोळी हळूहळू कमी करून नवी सुरू केली आहे. ती वजनावर कमी बसते म्हणे. बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" मला हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आवाज पूर्ण गेले नाहीत तरी चालेल, पण सकाळी उठता आलं पाहिजे. त्यांनी ते लिहून घेतलं. आवाज आहेत. शेजारच्या घरात कोणी बोलत असल्यासारखे. भिंत मध्ये आहे.

दादाची मात्र आठवण येते. तो नदीवर होता तेव्हा बरं होतं, असं वाटतं कधी कधी. हे तुला लिहू की नको, विचार करत होतो. लिहिलं.

घरात बदल झाला. नवलने कपाटाचं कुलूप काढलं. माझ्यासमोर काढलं आणि किल्ली खिशात घालून शेतात गेला. आता बठ्ठ्यांचं जेवण एकच. दादर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, कधी डाळीचे फुनके आणि कढी. शेवभाजी झाली तर सगळ्यांना थोडी, मलाही. नातीने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. अर्धं केळ मी स्वतः कापून घेतो, कोणी बघत नाही. खरं तर सगळे बघतात, पण बघत नाहीत असं दाखवतात. तेही पुष्कळ झालं.

आखाजीला पोळी केली होती. दिपमालाने ताटात चतकोर वाढली आणि भात वाढलाच नाही. म्हणाली, "आज हिशोब असा बसवला, नाना." मी ती चतकोर किती वेळ खाल्ली असेन! मग तिकडे निंबाला झोका बांधला होता, सासुरवाशिणी गाणी म्हणत होत्या. जुनी गाणी कमी, मोबाईलवरची जास्त. तरी झोका तसाच वर जातो.

जखम भरली तसा डॉक्टरांनी बूट घालून चालायला सांगितलं. मी म्हटलं, जाणार नाही. भीती वाटली. पाय निघाले की कुठे नेतील? दिपमालाने पदर खोचला आणि म्हणाली, "मी येस ना संगे. मन्हं वजन तरी कोठे कमी शे?" आता संध्याकाळी आम्ही दोघं जातो. सासरा-सून असे बरोबरीने चालतात म्हणून पहिल्यांदा लोक हसले. नंतर कौतिकची बायको आली, मग तिची जाऊ. आता आमचा घोळकाच असतो. त्या बायका बोलत राहतात, लग्न, लसूण, सासवा. त्यांच्या आवाजात माझ्या कानातल्यांचं काही चालत नाही.

लोटन


धुळे
२ सप्टेंबर २०२५

चि. लोटन,

जूनपासून तुझ्या तीन पत्रांना मी दोन-दोन ओळींनी उत्तरं दिली. आज खरं लिहिते.

मला शुगर आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला कळलं. ललितला पुण्याला कळवलं नाही, पोरगा मला तिकडे घेऊन जाईल आणि सोळाव्या मजल्यावर बसवेल. गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणतात, चाला. तुला चाल म्हणून सांगणारी मी, जिना उतरून खाली जात नाही. गुडघे दुखतात हे खरं. पण त्याहून खरं असं की लाज वाटते. कॉलनीतल्या अर्ध्या बायका माझ्या विद्यार्थिनी. त्यांच्यासमोर बदकासारखं डुलत, थांबत थांबत कसं जायचं? म्हणून दार लावून बसते, दुपारी झोपते, आणि पुनम खीर आणून देते ती नाही म्हणवत नाही.

कोणाला सांगू नकोस. तुला सांगितल्यावर जरा मोकळं वाटलं.

अक्का


गावाहून
९ सप्टेंबर २०२५

अक्का,

शुक्रवारी येतो. डॉक्टरीणबाईंना विचारलं. नवल नको म्हणतोय, दिपमाला हो म्हणते. एकटा येणार आहे.

लोटन


धुळे
१३ सप्टेंबर २०२५

चि. दिपमाला,

पोचलो. काल फोन अक्काने केला, पण तिला तुझं ऐकू आलं नाही आणि मला फोन घ्यायचा नव्हता. म्हणून नीट लिहितो.

तू डब्यात दिलेली भाकरी अमळनेरच्या स्टँडवर खाल्ली. कंडक्टरने विचारलं, "काका, बरोबर कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही, धुळे एक. त्याने तिकीट फाडून दिलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. अमळनेरला गाडी बराच वेळ थांबली. कॉलेज तिथून जवळच. तिथे कानातले आवाज बोलायला लागले, उतर म्हणाले, उतर आणि चालायला लाग. भिंत पातळ झाली होती. मी खिडकीची दांडी धरून बसलो. शेजारी एक म्हातारी कोथिंबिरीची गाठोडी घेऊन होती. तिला म्हटलं, माय, काहीतरी बोल. तिने पारोळ्यापर्यंत मला तिच्या जावयाची सगळी करणी ऐकवली. बाईंकडे जाईन तेव्हा हे सांगायचं आहे, पत्र लिहून मला आठवण कर.

अक्का शेजारच्या पुनमला धरून कसाबसा जिना उतरून रिक्षाने स्टँडवर आली होती. किती लहान झाली आहे गं ती! मला बघितलं आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, रडून शुगर वाढते. मग हसली.

आज सकाळी तिला चौथ्या मजल्यावरून खाली आणायला वेळ लागला. एकेका मजल्यावर बसलो. फाटकापाशी आल्यावर ती परत फिरली. समोरून दोन बायका येत होत्या. म्हणाली, "लोटन, त्या माझ्या वर्गात होत्या. बघतील ना."

मी म्हटलं, "बघू दे अक्का. माझ्याकडे जन्मभर बघतायत. बघून कोणी मरत नाही."

तिने माझा दंड धरला. त्या बायकांनी वाकून नमस्कार केला, पुढे गेल्या. आम्ही पांझरेच्या पुलाच्या अलीकडे एक बाक आहे तिथवर जाऊन आलो. ती डुलत चालते आणि मी करंगळी नसल्यामुळे थोडा तिरका चालतो. दोघं मिळून रस्ता बराच लागतो. येताना तिने मला विचारलं, उद्या किती वाजता? आता ती आत झोपली आहे.

पुनमला खीर बंद करायला सांगितली. ती बिचारी घाबरली, तिला माहीतच नव्हतं. गुपित फोडलं म्हणून अक्का माझ्यावर चिडली. मी म्हटलं, चिड.

रात्रीची गोळी घेतली. नवलला सांग, काळजी करू नये. महिनाभर राहीन म्हणतो, तिची सवय मोडेपर्यंत की लागेपर्यंत, जे म्हणायचं ते. मध्ये बाईंची तारीख आहे, तेव्हा इथूनच जळगावला जाईन आणि परत येईन. गाडीचं वेळापत्रक स्टँडवर बघून ठेवलंय.

मला घ्यायला कोणी येऊ नये.

लोटन